घोगऱ्याचा आवाज कुठल्या रकान्यात लिहायचा?

मी नऊ-दहा वर्षांचा असताना मामांनी एक जिवंत मासा माझ्या कानाशी धरला होता. भिगवणच्या पुढे, उजनीच्या फुगवट्याच्या कडेला मामांचं गाव आहे. (गाव म्हणजे नवं गाव. जुनं धरणात गेलं.) मामा शेतकरी, पण दिवस मावळताना जाळं टाकायचे. त्या दिवशी जाळ्यातल्या चिलापीच्या ढिगात एक बिनखवल्यांचा, राखाडी, मोठ्या डोक्याचा मासा होता. त्याचे काटे चुकवत मामांनी त्याला बेतानं उचललं आणि म्हणाले, "ऐक, बोलतोय."

कर्र. कर्र. तेल न घातलेल्या बिजागरीसारखा आवाज. मी किंचाळून मागे पडलो आणि सगळे हसले.

"घोगऱ्या हाय ह्यो," मामा म्हणाले.

पुढे इंजिनिअरिंग, नोकरी, खराडीतलं ऑफिस वगैरे जे सगळ्यांचं होतं ते झालं. मासा विसरलो. दोनेक वर्षांपूर्वी एका दुपारी कोड बिल्ड होत होता, त्याला वीस मिनिटं लागणार होती आणि मी पुण्याच्या नद्यांबद्दल काहीबाही वाचत एका जुन्या निबंधापाशी पोहोचलो. 'ऑन द फिशेस ऑफ द डखन'. डखन म्हणजे दख्खन. लेखक कर्नल साइक्स. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या साइटवर तो फुकट वाचता येतो. स्क्रोल करताना एका लॅटिन नावावर बोट थांबलं: फ्रॅक्टोसेफॅलस गोग्रा.

गोग्रा. घोगरा. घोगऱ्या! म्हणजे मामांच्या हातातला मासा लॅटिनमध्ये जाऊन बसला होता, आणि जाताना आपलं नाव सोबत घेऊन गेला होता.

हा लेख त्या निबंधाबद्दल आहे, आणि मासा ओळखण्याच्या इतर दोन पद्धतींबद्दल, ज्या मी त्यानंतर वापरून पाहिल्या. तिन्हींना मी एकच परीक्षा लावली: घोगऱ्या ओळखता येतो का, आणि ओळखल्यावर तो घोगऱ्याच राहतो का?

कर्नलचे कान

विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८२४ मध्ये त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमलं गेलं. पेशवाई बुडून सहा वर्षं झाली होती, नव्या मालकाला मालाची यादी हवी होती. जमीन, पिकं, माणसं मोजता मोजता साइक्सनं पक्षी मोजले, आणि मासेही. माशांवरचा निबंध १८३९ मध्ये थोडक्यात आणि १८४१ मध्ये चित्रांसह सविस्तर छापून आला.

हेतू स्वच्छ नव्हता हे मान्य. तरीही त्याची यादी वाचताना मला जे झालं ते सांगतो. खुद्री, कोलस, नुक्ता, बोग्गट, मुल्या, फुलुंगी, कुतुर्नी, बालूकी, अल्कूटी, टाकरी. ही सगळी साइक्सनं दिलेली 'शास्त्रीय' नावं आहेत आणि यातली बहुतेक आजही चालू आहेत. मोठ्यानं वाचा. लॅटिन वाटतंय का? नदीकाठी कुणीतरी कुणालातरी हाक मारतंय असं वाटतं. (एक 'पोटेल'ही आहे. तो पाटील असावा असा माझा आवडता सिद्धांत आहे. त्याला पुरावा शून्य.)

नव्या प्राण्याला नाव देताना लॅटिन-ग्रीक शब्द घेण्याचा रिवाज होता: चपटा, ठिपकेवाला, टोकदार. साइक्सनं तो बऱ्याच ठिकाणी बाजूला ठेवला. मासे पकडणाऱ्याला विचारलं, ऐकलं, आणि ऐकलेलं जसंच्या तसं इंग्रजी स्पेलिंगमध्ये उतरवलं. त्याचे कान फिरंगीच होते. मुठा-मुळा त्याच्याकडे 'मोटा मोला' झाली आहे. पण मुठा-मुळा आधी कानावर पडल्याशिवाय मोटा मोला लिहिता येत नाही.

आणि इथं एक गंमत आहे. साइक्सनं वर्णन केलेल्या कित्येक माशांचे मूळ नमुने आज कुठल्याच संग्रहालयात नाहीत. एरवी शंका आली की शास्त्रज्ञ बाटलीतला मूळ मासा काढून बघतात. इथं बाटली नाही. आहे तो फक्त मजकूर, काही चित्रं, ठिकाणाचं नाव आणि एक मराठी शब्द. आम्ही लोक ज्याला 'लेगसी कोड' म्हणतो तसं हे आहे: लिहिणारा गेला, सर्व्हर गेला, राहिली फक्त कॉमेंट. मग कॉमेंट किती नीट लिहिली होती यावर सगळं येतं. म्हणूनच आजचे अभ्यासक त्याच नद्यांवर जाऊन तोच मासा पुन्हा पकडतात आणि त्याचं नव्यानं वर्णन करतात.

आता तक्रार. याच यादीत रोहटी ओगिल्बी आहे, रोहटी विगोर्साय आहे, यारेलाय आहे. ओगिल्बी, विगोर्स, यारेल ही लंडनच्या प्राणिशास्त्रातली बडी मंडळी. एक मासा तर 'चिल्ड्रेनाय' आहे. मी दोन दिवस समजत होतो की याचा लहान मुलांशी संबंध असेल. निघाला जॉन जॉर्ज चिल्ड्रेन नावाच्या साहेबाशी. ज्या माणसांनी भीमा किंवा इंद्रायणी कधी पाहिलीही नसेल त्यांची नावं इथल्या माशांच्या अंगावर आहेत. जाळं टाकून मासा आणून देणाऱ्याचं नाव एकाही माशाला नाही. त्याचा शब्द घेतला, त्याला सोडून दिलं. निबंध मला आवडतो म्हणून हे झाकायचं कारण नाही. उलट आवडतो म्हणूनच खुपतं: ज्याला एवढं ऐकू येत होतं, त्याला बोलणारा माणूस दिसला नाही.

एका वर्षानं जिंकलेला शब्द

घोगऱ्याकडे परत येतो. साइक्सच्या पाठोपाठ, १८४० मध्ये, व्हॅलेन्सियेन या फ्रेंच शास्त्रज्ञानं एका माशाचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं 'पेव्हिमेंटाटस', म्हणजे फरसबंदी केलेला. कारण त्याच्या टाळूवर दातांची सपाट, फरशीसारखी मांडणी असते. शंखशिंपले फोडायला तशीच लागते. आज बहुतेक याद्यांमध्ये पेव्हिमेंटाटा आणि गोग्रा हा एकच मासा धरतात: रिटा गोग्रा. दोन नावं असतील तर आधी छापलेलं टिकतं, असा नियम. १८३९ विरुद्ध १८४०. एका वर्षानं मराठी शब्द जिंकला.

मला ही दोन नावं शेजारी ठेवून बघायला आवडतात. एका माणसानं टेबलावर मेलेल्या माशाचं तोंड उघडलं आणि फरशी पाहिली. दुसऱ्या कुणीतरी, ज्याचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही, जिवंत मासा पाण्यातून काढला आणि त्याचा घोगरा आवाज ऐकला. आवाज खरा आहे. या जातकुळीचे मासे छातीच्या परांचे टणक काटे खोबणीत घासतात. काट्याच्या बुडाशी बारीक खाचा असतात आणि कंगव्यावरून नख फिरवल्यासारखी करकर होते. दोन्ही निरीक्षणं अचूक. पण फरशी बघायला मासा मारावा लागतो, आणि घोगरा म्हणायला तो जिवंत हातात असावा लागतो.

लॅटिनमध्ये गेल्यावर मात्र या शब्दाचा अर्थ बंद पडतो. जपानमधल्या मत्स्यालयवाल्याला गोग्रा म्हणजे चार-पाच अक्षरं. तो आवाज परत चालू करायचा तर मराठी येणारं कुणीतरी लागतं. आणि ते मी होतो, ज्याला हा शब्द पुन्हा भेटायला लंडनची पीडीएफ लागली.

डॉक्टरचं सूत्र

दुसरी पद्धत फ्रान्सिस डे याची. हा मद्रासच्या फौजेतला डॉक्टर, पुढे भारतातल्या मत्स्यव्यवसायाचा वरिष्ठ सरकारी अधिकारी. त्याचं 'द फिशेस ऑफ इंडिया' १८७५ ते १८७८ मध्ये भागाभागानं निघालं, आणि आजही त्यातल्या चित्रांशिवाय भारतातल्या माशांवरचं काम पुढे सरकत नाही.

डे उघडला की माझ्यातला इंजिनिअर खूश होतो. प्रत्येक माशाला एक सूत्र: पाठीच्या परात किती काटे, किती किरणं, गुदपरात किती, अंगाच्या बाजूनं जाणाऱ्या रेषेवर, म्हणजे पार्श्वरेखेवर, किती खवले, त्या रेषेच्या वर किती ओळी, खाली किती. एका ओळीत अख्खा मासा. आणि ओळख पटवायची ती पायरीपायरीनं: मिशा आहेत का? असतील तर एक जोडी की दोन? पाठीच्या पराचा काटा गुळगुळीत की करवतीसारखा? हो असेल तर इकडे, नाही तर तिकडे. हे तर चक्क इफ-एल्स आहे.

हे मी करून पाहिलं. भोरकडच्या एका ओढ्यात बोटाएवढा मासा मिळाला. तोंडाखाली गोल चकती, तिनं तो दगडाला चिकटून होता. पाण्याच्या भांड्यात ठेवून भिंगानं पार्श्वरेखा मोजायला बसलो. पहिल्यांदा बत्तीस, मग चौतीस, मग मासा वळला. पाऊण तास गेला. शेवटी एक पोरगं म्हशी घेऊन आलं, वाकून बघितलं आणि म्हणालं, "मळ्या हाय की." गारा मुल्या. साइक्सचाच. मी मासा सोडला आणि निमूटपणे भांडं धुतलं.

पोराची पद्धत श्रेष्ठ आणि डेची फालतू, असं सांगायला ही गोष्ट सांगितली नाही. पोराला त्या ओढ्यातले मासे माहीत होते. शेजारच्या खोऱ्यात तसाच दिसणारा वेगळा मासा असेल तर तो त्यालाही मळ्याच म्हणेल. डेचं सूत्र खोऱ्याबाहेर चालतं, शंभर वर्षांनी चालतं, भांडण लागलं तर सोडवतं. आणि एक फायदा कुणी सांगत नाही: पाऊण तास खवले मोजले की तो मासा पुन्हा कधीच 'एक मासा' राहत नाही. माझ्या आयुष्यात मी कुठल्याच जिवंत गोष्टीकडे सलग इतका वेळ बघितलं नव्हतं.

पण डेच्या सूत्रात आवाजाला रकाना नाही. घोगऱ्याचे किरण मोजता येतात, करकर नाही. स्थानिक नावं डे देतो, अनेक भाषांतली देतो, मात्र ताटाच्या कडेला वाढलेल्या लोणच्यासारखी. साइक्सच्या ताटात ती भाकरी होती.

ॲप

तिसरी पद्धत तुमच्या-माझ्या खिशात आहे. मामांकडून मागवलेला घोगऱ्याचा फोटो मी एका ओळख सांगणाऱ्या ॲपला दाखवला. उत्तर आलं: 'कॅटफिश'. पुढे अमेरिकेतल्या एका जातीचं नाव, आत्मविश्वासासकट.

यावर हसणं सोपं आहे. मी याच धंद्यात आहे म्हणून सांगतो, दोष मशीनचा कमी आहे. तिला जे फोटो दाखवले त्यातूनच ती शिकते. कृष्णा-भीमेच्या माशांचे किती फोटो कुणी काढले, नाव लावून कुठे ठेवले? आपण काढतो तो फोटो कसा असतो: परातीत, वरून, चार मासे एकावर एक, शेजारी मसाल्याची पुडी. मासा ओळखता यावा असा फोटो वेगळा असतो. डोकं डावीकडे, मासा बरोबर आडवा, पर उलगडलेले, शेजारी पट्टी किंवा निदान नाणं. मग एक तोंडाचा खालून. आणि लगेच, कारण मेल्यावर रंग तासाभरात उतरतो. नाव आणि नदी लिहायची. एवढं केलं तर ॲप दहा वर्षांत शिकेल. आज मात्र ते फक्त आपण किती कमी बघितलं आहे ते दाखवतं.

चुकीचं नाव काय करतं

"नावात काय आहे, चवीला बरा असला म्हणजे झालं," असं माझा रूममेट म्हणतो. त्याच्यासाठी ही गोष्ट.

साइक्सच्या यादीत 'मुस्सुल्ला' नावाचा एक मासा आहे. नंतरच्या अभ्यासकांनी हे नाव पाठीवर कुबड असलेल्या महसीरला लावलं, आणि पुढे कावेरीतल्या त्या अवाढव्य महसीरलाही तेच चिकटलं. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं कॉपी केलं. दरम्यान साइक्सचाच दुसरा मासा, खुद्री, म्हणजे निळ्या परांचा महसीर, लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात कृत्रिम प्रजननानं वाढवला जाऊ लागला. महसीर वाचवायचे म्हणून त्याची पिल्लं ठिकठिकाणी सोडली गेली, कावेरीतही. हेतू चांगला होता. पण कावेरीचा महसीर वेगळा होता, आणि तो वेगळा आहे हे ठामपणे सांगायला त्याच्याकडे स्वतःचं धड नाव नव्हतं. खुद्री वाढला, कुबडवाला घटत गेला. २०१३ मध्ये दाखवलं गेलं की साइक्सचा मुस्सुल्ला मुळात महसीरच नाही, दुसऱ्याच वंशातला मासा आहे. २०१८ मध्ये कावेरीच्या माशाची ओळख टॉर रेमादेवी अशी पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला.

साइक्सचा मजकूर नीट न वाचल्यानं झालेली ही चूक आहे. साहित्याच्या वर्गात याला चुकीचं वाचन म्हणतात. आमच्याकडे बग म्हणतात. त्याची किंमत एका नदीतल्या सगळ्यात मोठ्या माशानं मोजली.

आणि खुद्री? त्याचं मूळ ठिकाण साइक्सनं दिलंय: मोटा मोला नदी, पुण्याच्या पूर्वेला. मी तो परिच्छेद वाचला तेव्हा कँटीनमध्ये बसलो होतो. खराडी पुण्याच्या पूर्वेला आहे. काचेतून खाली मुळा-मुठा दिसते. उन्हाळ्यात जलपर्णीनं ती हिरवीगार असते, आणि नवीन लागलेल्या मुलांना ते लॉन वाटतं. जगातला कुठलाही शास्त्रज्ञ टॉर खुद्री म्हणतो तेव्हा त्या नावाची मुळं या पाण्यात असतात. आम्ही इथल्या बैठकांच्या खोल्यांना नद्यांची नावं दिली आहेत. ॲमेझॉन आहे, नाईल आहे.

पुण्याच्या नद्यांत पुढे १९४० च्या दशकात फ्रेझर आणि सूटर यांनी नव्यानं याद्या केल्या. २००३ मध्ये पुण्यातल्या अभ्यासकांनी जुन्या याद्या आणि आताचे मासे ताडून पाहिले आणि काय गेलं, बाहेरून काय आलं ते 'करंट सायन्स'मध्ये मांडलं. ते शक्य झालं कारण आधी कुणीतरी नावं लिहून ठेवली होती. ज्याचं नाव कधी लिहिलं गेलं नाही तो नाहीसा झाला तर कुठल्याच यादीत फरक पडत नाही.

इंद्रायणीचंच बघा. साइक्सचा नुक्ता चाकणजवळच्या इंद्रायणीतला. कपाळावर शिंगासारखा उंचवटा, थुंतरीवर खोल खाच. असा मासा कृष्णा खोऱ्याबाहेर मिळत नाही. (थोराड चोचीवर कोंब असलेल्या बदकाला हिंदीत नकटा म्हणतात, नुक्ता हाही त्याच नाकावरून आला असावा असं मला वाटतं.) आज तो संकटग्रस्त आहे. इंद्रायणी म्हटलं की आपल्याला तरलेली गाथा आठवते, हल्ली आळंदीचा फेस आठवतो. नुक्ता कुणाला आठवतो?

मला सगळ्यात आवडणारं नाव मात्र साइक्सचं नाही. १९५२ मध्ये सी. व्ही. कुलकर्णी यांनी कृष्णेतल्या एका छोट्या माशाचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं 'खवलचोर'. हा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. निओट्रोपियस खवलचोर. शास्त्रीय नाव वाचून मराठी माणसाला हसू फुटतं आणि माशाचा धंदाही कळतो. ओगिल्बी वाचून काय कळतं?

गेल्या दिवाळीत मी साइक्सच्या नावांची यादी देवनागरीत छापून मामांकडे नेली. आता त्यांची नजर कमी झाली आहे म्हणून मीच वाचत होतो. मरळ, वाम हे सोपे. ते तर माझ्या पिढीलाही माहीत. कोलस म्हटल्यावर "कोळशी" म्हणाले आणि हातानं लांबी दाखवली. कुतुर्नीला मान हलवली. नुक्त्याला नाही. बोग्गट दोनदा वाचायला लावलं, मग म्हणाले, "आमचा म्हातारा म्हणायचा. मासा न्हाय बघितला मी." फुलुंगीपाशी मामी चुलीवरून ओरडल्या, "आरं फुलंगी न्हवं का!" आणि ती कशी शिजवायची ते सांगू लागल्या. यादीच्या कडेला मी एकेक खूण करत गेलो. अकरा झाल्या.

मग मी विचारलं, घोगऱ्या?

"आता कुठं घावतोय," मामा म्हणाले. "घावला की धाडतो फोन."

मार्चमध्ये एका रात्री व्हॉट्सॲपवर त्यांचा व्हॉइस मेसेज आला. नऊ सेकंदांचा. आधी वारा, मग कुणीतरी "धर नीट, काटा बसंल" म्हणतंय, मग मामांचा श्वास आणि त्यामागे, अगदी बारीक, करकर. सोबत एक फोटो होता: अंधार, अर्धा अंगठा, डोकं उजवीकडे, पर मिटलेले. पट्टी नाही, नाणंही नाही. मी फोटो मोठा करून मिशा मोजायला लागलो.